टाकी भरली

बाळ्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, तरी ताईसाठी तो बाळ्याच. शेतांवर औषध फवारणारं विमान ती उडवायची आणि ते उडतं ठेवायचं काम त्याचं. बहीण-भावांचं दिवसभर वाजायचं, पण धंदा नीट चालला होता.

विमानाला दोन टाक्या. औषधाची पोटात, पेट्रोलची पंखांत. दोघांच्याही तोंडी दोन्हींना एकच शब्द, टाकी. त्यावरून कधी घोटाळा झाला नव्हता, कारण विमान उतरलं की बाळ्या दोन्ही बरोबरच भरायचा. त्या सकाळी मात्र फवाऱ्याची एक तोटी तुंबली. औषध भरून झाल्यावर तो ती साफ करत बसला आणि रोजची घडी विस्कटली. पेट्रोलचा काटा तर अडकलेलाच होता. नवा यायचा होता. म्हणून ताईने सुरू इंजिनाच्या घरघरीतून ओरडून विचारलं, "टाकी भरलीस ना रे?"

"काठोकाठ!" बाळ्याने अंगठा दाखवला.

गव्हावरून तिसरा फेरा चालला होता. चाकं लोंब्यांना टेकतील इतक्या खालून ती जात होती. समोर शेताच्या कडेला विजेच्या तारा. आता वर घ्यायचं, एवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

मागे धावपट्टी होती. वळायचा मोह कसा होतो हे तिला ठाऊक होतं, आणि इतक्या खालून वळणाऱ्यांचं काय होतं हेही. तिने लाल दांडा खेचला. पोटातलं औषध भसकन गव्हावर सांडलं. ओझं गेलेलं विमान उसळलं आणि उरल्यासुरल्या वेगावर तारांच्या वरून निसटलं. पलीकडे कापलेल्या गवताचं कुरण होतं. तिने नाक खाली दाबलं, वेग सोडला नाही. चाकं आपटली, उसळली, पुन्हा आपटली. मग एक चाक पाटात रुतलं. शेपूट वर गेलं, विमानाने उलटावं की नाही याचा जणू विचार केला, आणि ते धप्पकन खाली बसलं.

शांतता झाली. ताईने सवयीने सगळी बटणं बंद केली. नाकपुड्या फुगवून वास घेतला. पेट्रोलचा वास नव्हता. तेव्हा तिला कळलं. जे नव्हतं म्हणून इंजिन बंद पडलं, तेच नव्हतं म्हणून आग लागायचीही भीती नव्हती. तिला हसू फुटलं, ते आवरेना.

बाळ्या गाडी कुरणात घालून धावत आला. एका पायात बूट नव्हता.

"ताई! बोल गं काहीतरी!"

"टाकी भरली होतीस ना?"

"काठोकाठ! माझ्या हाताने औषध..." त्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू पेट्रोलचं विचारत होतीस?"

"मग काय औषधावर उडवू?"

तो मटकन खाली बसला. "मारलं असतं मी तुला."

"एकट्याने कशाला श्रेय घेतोस? काटा बंद आहे हे माहीत असून मला उतरून बघायला काय धाड भरली होती?"

तेवढ्यात गव्हाचा मालक धापा टाकत पोचला. "बाई, रोगाला मारायचं ठरलं होतं, गव्हाला नाही!" मग त्याने रुतलेलं चाक पाहिलं, मागच्या तारा पाहिल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. "आधी हे प्या. भांडू नंतर."

"दाजींना काय सांगायचं?" बाळ्याने हळूच विचारलं.

"खरं तेच."

"सगळं?"

"सगळं. पण त्यांचं जेवण झाल्यावर."

ती उतरायला गेली, पण पंखावरच बसली. "थांब जरा. मी आले, पाय अजून यायचेत."

बाळ्याने वर हात केला, तिचं मनगट धरलं आणि गाडीपर्यंत सोडलं नाही. एरवी तिने तो हात केव्हाच झटकून टाकला असता.