शेवटचा हातभर पट्टा

"ताई, मागची खिडकीजवळची सीट तुझी," धाकट्या भावाने दार उघडून धरत सांगितलं. आत्याने मधली सीट दुमडून एक पाय आत टाकला मात्र, तिच्या नाकाने तिला कळवून टाकलं की ही गाडी आपल्या हाताखालून गेलेली आहे.

वास म्हणजे तसा कुणाला आला नसता. वरवर लिंबाच्या अत्तराचा होता, त्याच्या खाली सीट धुण्याच्या साबणाचा. पण त्याच्याही खाली, अगदी तळाशी, आंबलेल्या चिखलाचा एक धागा होता. आत्याने वर पाहिलं. छताच्या कापडाला सिगारेटने पडलेलं भोक होतं आणि त्यावर चार टाके होते. ते टाके तिने स्वतः घातले होते.

घरात तीन भाचरं, त्यांच्यामुळे गल्लीभर ती आत्याच झाली होती. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, आणि मग कुणी विषयही काढला नाही. गेली अठरा वर्षं ती जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या वखारीत गाड्या आतून धुवायची. लोक गाडी बाहेरून इतकी चकचकीत ठेवतात की तोंड पाहून घ्यावं, आणि आत काय ठेवतात ते आत्याला विचारावं. सात सीटच्या गाड्या तर तिला बघवत नसत. मागच्या दोन सीटांवर लोक पोरं कोंबतात आणि पुन्हा मागे वळून पाहत नाहीत. तिथे तिला दूध आंबून फुगलेल्या बाटल्या सापडल्या होत्या, कापलेली नखं, चघळून सीटच्या दांड्याला चिकटवलेलं च्युइंगम, वाळून पापुद्रा झालेली ओकारी, आणि एकदा कुणाची तरी कवळी. कवळी न्यायला कुणी आलं नाही. कुटुंब कुटुंब म्हणून जे काय म्हणतात, त्याचा गाळ बोटांनी खरवडण्यात आत्याची अठरा वर्षं गेली, आणि घरी येऊन तीनदा साबण लावल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

कामाची तिची एक रीत होती. गाडी धुऊन, वाळवून झाली की सगळ्या काचा बंद करून ती एकदम मागच्या सीटवर बसायची आणि शांतपणे श्वास घेत राहायची. नाकाला काहीही लागलं नाही, की सीटखालच्या लोखंडावर खडूने बरोबरची खूण करायची. ती खूण पाहिली की मालक गाडी पुढच्या रांगेत लावायचा. खुणेचा अर्थ इतकाच होता की वास गेला. इंजिन कसं, वायरी कशा, गाडी कुठून आली, याच्याशी त्या खुणेचा काडीचा संबंध नव्हता.

पण एकदा घरी जेवताना आत्या फुशारली होती. कुणी तिच्या कामाबद्दल बोलत नसे, त्या दिवशी भाच्यांनी विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "माझी खूण असेल ती गाडी डोळे मिटून घ्यावी." धाकट्याने ते ऐकलं आणि लक्षात ठेवलं. घरात त्यांची पाच सीटची गाडी होती. तिच्यात धाकटा, वहिनी, आई, दोन मुली आणि मांडीवर शेंडेफळ, एवढी मंडळी कशीबशी मावत. आत्या दारात उभी राहून हात हलवायची. "ताई, तुला तसंही गाडीचा कंटाळाच असेल," असं धाकटा दर वेळी म्हणायचा, आणि ती दर वेळी हो म्हणायची.

म्हणून त्याने हा बेत केला होता. ती तापाने घरी असताना तो मालकाच्या हमरस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेला, कारण तिच्या वखारीत त्याला ओळखत होते आणि त्याला तिला चकित करायचं होतं. तिथे त्याने सात सीटच्या चार गाड्यांच्या मागच्या सीटखाली वाकून पाहिलं. एकीला खूण होती. तीच त्याने घेतली, जुनी पाच सीटची तिथेच देऊन टाकली. हे सगळं तो गाडी चालवता चालवता मोठ्या कौतुकाने सांगत होता. "मेकॅनिक नको, काही नको. म्हटलं, घरची परीक्षा झालेली आहे."

मागच्या वर्षी नदी शहरात शिरली होती, तेव्हा ही गाडी तीन दिवस पाण्याखाली होती. ओढून आणली तेव्हा सीटांमध्ये चिखल इतका होता की खुरप्याने काढावा लागला. मालक नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाला होता, "बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला द्यायची आहे. तू नको काळजी करू." तिने केली नव्हती. बाहेरगावचं गिऱ्हाईक म्हणजे तोंड नसलेलं माणूस. नऊ दिवस घासून तिने वास काढला आणि खूण केली.

आता सांगायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण शेंडेफळ तिच्या शेजारी बसलं होतं, वहिनीने डबे तिच्या पायाशी ठेवले होते आणि धरणावरच्या बागेत सगळे निघाले होते. सगळे म्हणजे या वेळी खरोखरच सगळे. पन्नाशी उलटल्यावर आत्याला पहिल्यांदा खिडकी मिळाली होती. बाहेर झाडं मागे पळत होती. बागेतून परत आल्यावर सांगू, असं तिने ठरवलं, आणि असं ठरवल्याची तिला स्वतःचीच शिसारी आली.

आई पुढे बसली होती, तिला थंडी वाजत होती. धाकट्याने हीटर लावला. पाच मिनिटांत गरम हवेबरोबर तळाचा चिखल वर आला. मोठी भाची म्हणाली, काहीतरी कुजलंय. धाकटा म्हणाला, नवीन सीट-कव्हरचा वास असतो तसा. आई म्हणाली, मला नाही येत. काचा खाली करायला गेले तर त्या हलेनात. चढावर गाडीचे सगळे दिवे एकदम पेटले, एकदम विझले, आणि गाडी वळणावरच बंद पडली. दारं उघडेनात. मागून ट्रक हॉर्न मारत होता, धाकटा दारावर बुक्क्या घालत होता, आणि शेंडेफळाने आत्याच्या मांडीवर भडाभडा ओकून टाकलं.

दारं थोड्या वेळाने आपोआप उघडली. कशी ते कुणाला कळलं नाही. ट्रकवाल्याने शिव्या देत गाडी कडेला ढकलायला मदत केली. रस्त्याच्या कठड्यावर सगळे ओळीने बसले. वहिनी पोराचं तोंड धूत होती. आत्याने ओल्या कपड्यांनिशीच पुन्हा गाडीत डोकं घातलं आणि तिच्या सीटचा पट्टा ओढला. कमरेला बांधायला लागतो तेवढा पट्टा स्वच्छ होता. ती ओढत राहिली. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तो तपकिरी होता आणि त्यातून वाळलेला चिखल पिठासारखा भुरभुरला. तेवढा भाग ती कुठल्याच गाडीत धूत नसे, कारण तेवढा पट्टा कुणीच ओढत नाही.

"ही पुरातली गाडी आहे," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मीच धुतली आहे."

धाकटा पट्ट्याकडे पाहत राहिला. "मग खूण कशाला केलीस?"

"वास गेला होता म्हणून."

यावर तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त बहिणीकडे, एखाद्या परक्या खोलीत चुकून शिरल्यासारखा पाहत राहिला.

गाडी टोचन लावून दुसऱ्या गाडीने ओढत आणली. दुसऱ्या दिवशी दोघं मालकाकडे गेले. मालकाने हसून सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, आणि मग आत्याकडे बोट दाखवलं. गाडी यांनीच पास केलेली, खूण यांचीच, तुम्ही घेतली ती खूण बघूनच, आता मी यात कुठे आलो? त्याच्या तोंडावर जराही लाज नव्हती. अठरा वर्षं या माणसाच्या गाड्यांमधलं काय काय आपण काढलं, पण खरी घाण या खुर्चीत बसलेली होती, आणि आपण तिला रोज सकाळी नमस्कार करत होतो. बाहेर येताना आत्याला हे सगळं त्याच्या तोंडावर बोलायचं होतं. पण बोलणार काय? नऊ दिवसांची मजुरी तिने घेतलीच होती.

तिसऱ्या दिवशी घरी चहा पिताना धाकट्याने सहज विचारावं तसं विचारलं, "वास परत काढता येतो ना?"

"येतो."

"मग काढ. आपणही देऊन टाकू, बाहेरगावच्या कुणाला तरी."

आत्याने भावाकडे पाहिलं. याला तिने कडेवर घेऊन शाळेत पोहोचवलं होतं. याच्या तोंडातून मालकाचे शब्द जसेच्या तसे बाहेर पडले, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला त्याची किळस आली. पण लगेच तिच्या ध्यानात आलं की किळस करायचा हक्कही आपल्याला उरलेला नाही, आणि ते त्या किळसेपेक्षा वाईट होतं. वहिनी चहाच्या कपांकडे पाहत म्हणाली, "वन्सं, मला नाही हे पटत." पण ती इतकं हळू म्हणाली की तिचं तिलाच ऐकू गेलं असेल. आई मात्र स्पष्ट म्हणाली, "तुझ्यामुळे झालंय, तूच निस्तर."

आत्याने निस्तरलं. सहा दिवस ती वखारीत गेली नाही, अंगणातच गाडीच्या आत गुडघ्यांवर बसून घासत राहिली. शेंडेफळाची ओकारी काढली, गालिचे उचलून वाळवले, फटींतून वाळलेला चिखल सुईने टोकरला. वायरी धाकट्याने कुणाकडून तरी जुजबी जोडून घेतल्या. सातव्या दिवशी काचा बंद करून ती मागे बसली. वास गेला होता. खडू तिच्या खिशात होता. तिने जुनी खूण ओल्या फडक्याने पुसली आणि नवी केली नाही.

चार वाजता गिऱ्हाईक आलं. खरोखरच बाहेरगावचं होतं, पण या वेळी त्याला तोंडं होती, आणि तीही सात. नवरा, बायको, काठी टेकत चालणारे आजोबा, तीन मुलं. आणि त्यांच्या मागून, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत, आत्याच्याच वयाची एक बाई. मुलं तिला मावशी म्हणत होती. नवरा बॉनेट उघडून आत काही कळत असल्यासारखं पाहू लागला. धाकटा त्याला गाडी घरची कशी, प्रेमाने वापरलेली कशी, हे सांगत होता. बोलताना तो इतका मोकळा हसत होता की आत्याने मान फिरवली.

मावशी कुणी न सांगता गाडीच्या मागच्या दाराशी गेली, मधली सीट दुमडली आणि सराईतपणे मागे सरकून खिडकीजवळ बसली. पिशव्या पायाशी रचल्या. इस्त्रीचे कपडे नीट करून घेतले. बहुधा ठेवणीतले असावेत.

"मी बघायला म्हणून बसले हं," ती आत्याला म्हणाली, जरा ओशाळून. "माझीच जागा आहे ना ही. जुन्या गाडीत मावत नव्हते मी. मग घर सांभाळायचे." आणि खिडकीच्या काचेवर हात ठेवून म्हणाली, "इथून छान दिसतं सगळं."

पुढून धाकट्याने हाक मारली, "ताई, पाहुण्यांना पाणी आण ना." हाक गोड होती, पण नजर तशी नव्हती. मावशीने पट्टा ओढून कमरेवर घेतला आणि अडकवायची जागा चाचपू लागली.

"अजून ओढा," आत्या म्हणाली.

"पुरतो की."

"शेवटपर्यंत ओढा. सगळा बाहेर येऊ द्या."

मावशीला कळेना, पण कुणी सांगितलं की करायची सवय तिलाही असावी. ती ओढत गेली. पट्टा बाहेर येत राहिला आणि मग शेवटचा हातभर आला, तो आत्याने या वेळीही धुतला नव्हता. तपकिरी माती भुरभुरत तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवर पडली. आत्याने तो पट्टा हातात धरून ठेवला, आत जाऊ दिला नाही.

"ही गाडी तीन दिवस पाण्याखाली होती," तिने पुढच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "वास मी काढला आहे. आधीही मीच काढला होता."

बॉनेटपाशी धाकट्याचं बोलणं थांबलं. नवऱ्याने बॉनेट खाली केलं. मुलांना कुणीतरी मागे ओढलं. आजोबा काठी टेकत गेटाकडे निघालेही. "मावशी, उतर," मुलांची आई म्हणाली.

मावशीने मांडीवरची माती हाताने झटकली. डाग राहिला, तो तिने बोटाने घासून पाहिला. मग पिशव्या एकेक करून उचलल्या आणि मांडीवर घेतल्या. पण ती लगेच उठली नाही. दोन क्षण तशीच खिडकीबाहेर पाहत बसून राहिली, आणि आत्या पट्टा धरून दारात उभी राहिली.