जवळचा चष्मा

माझा नंबर प्लसमधला, आणि तोही दांडगा. काचेमागे माझे डोळे बशीएवढे दिसतात. मला बघायला आलेल्या अशोकच्या आत्याबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, "मुलगी चांगली आहे, पण सारखी दचकल्यासारखी वाटते." तरी होकार आला. अशोकनी आत्याबाईंना काय सांगून गप्प केलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

चाळिशीनंतर लांबचा एक आणि जवळचा एक असे दोन चष्मे झाले. मधे बायफोकल करून पाहिला, पण त्या मेल्या रेघेपायी जिन्यावर पडले आणि तो कपाटात गेला. लांबचा चष्मा नाकावरच असे. जवळचा मात्र मी बँकेत, बसमध्ये, भाजीवाल्याच्या टोपलीत कुठेही विसरायची. शेवटी अशोक वैतागले, "आण इकडे," म्हणाले आणि तो त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला. तेव्हापासून तो तिथेच. मला काही वाचायचं असलं की मी नुसता हात पुढे करायचा. ते चष्मा काढणार, रुमालाने पुसणार, काड्या उघडून माझ्या हातात देणार.

त्यांचं ऑफिस राजधानीत, कस्तुरबा गांधी मार्गावर होतं. शनिवारी मी बसने तिथे जायची आणि आम्ही जवळच्या मराठी कँटीनमध्ये मिसळ खायचो. मेनूकार्ड पाठ होतं, तरी मी हात पुढे करायची. पानिपतला काला अंबला गेलो तेव्हा मराठ्यांच्या स्मारकापाशी डोळे भरून आले होते, तिथेही पाटी वाचायला चष्मा पुसून मिळाला. भांडण झालं असलं तरी मिळायचा, फक्त पुसलेला नसायचा. फार सुखाचे दिवस होते ते. आठवले की जीव तुटतो.

आता आम्ही नोएडात मुलीकडे, रसिकाकडे राहतो. अशोकना विसर पडत चाललाय. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, आणि हल्ली रसिकालाही ते कधीकधी "ताई" म्हणतात. पण सकाळी शर्ट बदलला की चष्मा न चुकता नव्या खिशात जातो. मी हात पुढे केला की तो पुसून येतो. बाकी सगळं गेलं तरी तेवढं राहिलंय.

गेल्या महिन्यात मी जवळचा चष्मा लावून तांदूळ निवडत होते. त्या चष्म्यातून हाताच्या पलीकडचं सगळं धुकं. त्या धुक्यात काहीतरी निळं हललं, मी लक्ष दिलं नाही. ते निळं म्हणजे दाराबाहेर पडणारे अशोक होते. मेट्रोच्या गेटपाशी ते गार्डला ऑफिसची बस विचारत होते. रसिकाने शोधून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना चष्म्याच्या दुकानात नेलं.

"आई, एकच प्रोग्रेसिव्ह कर ना यार. वाचतानाही मान वर केलीस की दार दिसेल."

दुकानदाराने मला आवडलेली मोठी फ्रेम बाजूला सारली. "मैडम, प्लस नंबर में बड़ी फ्रेम मत लीजिए, शीशा बीच से मोटा हो जाएगा. यह छोटी वाली लीजिए. ऊपर से दूर का, नीचे से पढ़ने का. और बगल में देखना हो तो आँख नहीं, गर्दन घुमाइए."

म्हणजे ह्या वयात मान वळवायलाही शिकायचं! मी काही बोलणार, तोच त्याने बारीक अक्षरांचं कार्ड पुढे धरलं. माझा हात आपोआप पुढे गेला. 'हे कुणाचं घर आहे?' असं मघापासून विचारणाऱ्या अशोकनी चष्मा काढला, पुसला, काड्या उघडून हातात दिला.

"मला नको प्रोग्रेसिव्ह," मी म्हणाले. "दोनच बरे आहेत. मी हात पुढे करायची थांबले तर ह्यांच्याकडे राहणार काय?"

रसिकाचा आवाज चिरकला. "आणि बाबा परत बाहेर गेले तर?"

मी प्रोग्रेसिव्हसाठी ती छोटी फ्रेम घेतली. बुबुळांच्या समोर काचेवर खुणा करताना दुकानदार सारखा सांगत होता, "मैडम, हिलिए मत." माझी मान सारखी अशोककडे वळत होती, त्याला मी काय करू?

चष्मा आला. दोन दिवस जमीन वर आल्यासारखी वाटली, मग सवय झाली. चौथ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसून पेपर वाचायला घेतला. अक्षरं स्वच्छ, मान वर केली तर दार स्वच्छ, कडीसुद्धा दिसत होती. खरं सांगते, आनंद झाला. पेपरात मी पार बुडून गेले.

मग जाणवलं, अशोक माझ्या खुर्चीशेजारी उभे आहेत. केव्हापासून, कोण जाणे. हातात जुना चष्मा, पुसलेला, काड्या उघडलेल्या.

"काय हो?"

"हात कुठाय तुझा?" पूर्वी मी चष्मा बसमध्ये विसरले की चिडायचे, अगदी तसेच चिडले होते. "विसरलीस ना?"

मी नवा चष्मा काढून पेपराखाली सरकवला आणि हात पुढे केला. जुना लावला. दार पुन्हा धुक्यात गेलं. अशोकना मी शेजारी बसवून घेतलं, एका हाताने त्यांचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने पेपर उचलला.