धोंडूबाईची कोंबडी आणि ठिपक्यांची फरशी

खारबावच्या केसरीनाथने गोदामवाल्याला जमीन दिली आणि २००५ साली दुमजली बंगला बांधला. घरभर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची ग्रॅनाइटची फरशी घातली. "मळ दिसनार न्हाय," तो बायकोला, धोंडूबाईला, म्हणाला.

मळ दिसला नाहीच. सांडलेली मोहरीही दिसली नाही. आणि तिसऱ्या दिवशी धोंडूबाईची कोंबडी दिसेनाशी झाली.

कोंबडी घरातच होती, पण तिच्या अंगावर नेमके तसेच ठिपके. चालत असली की दिसे. बसली की फरशी होई. केसरीनाथचा पाय तिच्यावर पडला, तो आपटला आणि पंधरा दिवस कंबर धरून बसला.

"कापून टाक तिला."

"फरशी महिन्याची हाय, कोंबडी तीन वरसांची," धोंडूबाई म्हणाली. "आधी कोन आलं?"

तिने कोंबडीला हळद फासली. कोंबडीने धुळीत लोळून ती घालवली. पायात घुंगरू बांधलं. बसलेली कोंबडी कशाला वाजेल? शेवटी घरातली सगळी पाय न उचलता, घासत चालू लागली. महिन्याभरात सवय इतकी मुरली, की केसरीनाथ देवळात प्रदक्षिणाही तशीच घाली.

मार्गशीर्षात लेकीला, निशाला, बघायला अंबाडीहून आठ माणसं आली. घरात न दिसणारी कोंबडी आहे, हे पाव्हण्यांना सांगायचं कसं? केसरीनाथ घासत पुढे गेला. निशा चहाचा ट्रे घेऊन घासत आली. एक थेंब सांडला नाही.

मुलाचे काका दौलत बघतच राहिले. हळूच म्हणाले, "हे तुमच्यात पयल्यापासून हाय?"

"घरात जीव हाय," केसरीनाथ चाचरत म्हणाला. "दुखावू नये म्हनून."

दौलतकाकांनी डोळे मिटून मान हलवली. मग आपल्या माणसांना समजावलं, की जमिनीतही जीव असतो, जुन्या घराण्यांना ते कळतं. आठही जण घासत दारापर्यंत गेले. लग्न ठरलं.

वैशाखात तीनशे माणसांची वरात गावाच्या वेशीपासून मांडवापर्यंत घासत आली. मागून बँडवालेही. मुहूर्त पाऊण तास टळला. "आता सांगू का?" केसरीनाथ पुटपुटला. "गप ऱ्हावा," धोंडूबाई म्हणाली, आणि पदरात तोंड खुपसून इतकी हसली, की बायकांना वाटलं, लेक जाणार म्हणून रडते आहे.

दोन महिन्यांनी धोंडूबाई लेकीला भेटायला अंबाडीला गेली. तिथली फरशी पांढरीशुभ्र, ठिपका म्हणून नाही, आणि सासरची अकरा माणसं त्यावरून सरपटल्यासारखी फिरत होती. "तुमच्या रितीनं माजं गुडघं दुखायचं थांबलं बघा," विहीणबाई ठकुबाई म्हणाल्या. धोंडूबाईला खरं बोलवेना.

निशाने तिला स्वयंपाकघरात ओढलं. "आये, एक कोंबडी धाड. निदान कारन तरी असंल."

त्याच आठवड्यात धोंडूबाईने टोपलीत झाकून एक तलंग, कोवळी कोंबडी, पाठवली. तांबडीलाल, पार रस्त्यावरूनही दिसेल अशी.