हिरवी टिकली, लाल टिकली आणि बुधवार

भुजंगराव काका सोसायटीचे सचिव झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी फॉर्म काढला. तीस वर्षं शाळेत कारकुनी केलेला माणूस. फॉर्म न्हाई काढला तर अन्न पचत न्हाई त्यांला.

फॉर्मवर चौकोन दोनच. एक 'शुद्ध शाकाहारी', दुसरा 'मांसाहारी'. एकावर खूण करायची, खाली सही ठोकायची, मग काका स्वतः येऊन दारावर टिकली चिकटवणार. शुद्धाला हिरवी, बाकीच्यांला लाल. आणि लाल टिकलीवाल्या भाडेकरूचा करार पुढं वाढणार न्हाई, असा ठराव.

मी भाडेकरू. वर्षाराणी, लातूरच्या डेपोत कंडक्टर. माझा करार पुढच्याच आठवड्यात, बुधवारी संपायचा होता. फ्लॅट तळमजल्यावर, सासूच्या गुडघ्याला एकबी पायरी न्हाई. स्टँड चालत सात मिनिटं, आणि पहाटे साडेपाचची नांदेड गाडी माझ्याकडं. नवरा मुखेडला शेत बघतो. फ्लॅट गेला तर सासूला तिकडं धाडायचं, न्हाई तर मी ड्युटी सोडायची. एवढं सगळं त्या दोन चौकोनांत अडकून बसलेलं.

"काका, मी यात बसत न्हाई," मी म्हणलं.

"कशी बसत न्हाईस? खातीस का न्हाई ते सांग."

"खाते की. पर सोमवारी न्हाई, महादेवाचा. गुरुवारी न्हाई, दत्ताचा. शनिवारी न्हाई, मारुतीचा. एकादशीला न्हाई, चतुर्थीला न्हाई, अख्खा श्रावण न्हाई, नवरात्रात न्हाई. वरीस मोजलं तर निम्म्याच्या वर दिवस मी तुमच्याएवढीच शुद्ध हाय."

"म्हणजे मांसाहारी."

"आज वार कोणता?"

"सोमवार."

"मग आज मी काय म्हणून मांसाहारी?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्यात आतून माझी सासू आली. शांतम्मा, देगलूरकडची. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षांत तोंडाला लावलं न्हाई. पर तिच्या हातच्या मटणासाठी पाहुणे तालुका ओलांडून येतात. चाखता येत न्हाई म्हणून मीठ वासावरून घालते आणि एकदाबी चुकत न्हाई.

"भुजंगराव, माझं काय लिव्हायलाव?"

"तुम्ही खात न्हाई ना मावशी? मग हिरवी."

"पर रांधते तर मीच."

"मग... लाल."

"अन् जिभेला कधी लागलं न्हाई त्याचं काय?"

काकांनी फॉर्म उलटा करून बघितला. मागं तिसरा चौकोन छापला असंल असं वाटलं असंल.

बाकी बिल्डिंग तर भराभर हिरवी झाली. वरच्या शिल्पाताईंचे मिस्टर नुसता रस्सा घेतात, फोडीला हात लावत न्हाईत. हिरवी. क्लासवाले भीमाशंकर सर म्हणले, केकातलं अंडं दिसत न्हाई, म्हणून ते धरायचं न्हाई. हिरवी. एका घरानं तर सांगितलं की आम्ही लातूर जिल्ह्यात खात न्हाई, हद्द ओलांडल्यावरच खातो. त्यांलाबी हिरवी.

"तू लई शहाणी बग," शिल्पाताई मला जिन्यात म्हणल्या. "सही कर अन् गुपचूप खा. कोण येऊन पातेलं हुंगायलंय?"

"ताई, बिनतिकिटाच्या माणसाला मी माळरानावर खाली उतरवते. अन् घरात मीच फुकट्यासारखी बसू व्हय?"

सही केली न्हाई. वरून डेपोतल्या पेंटरला गाठलं. भंगारातली एक गाडीची पाटी त्यानं घासून रंगवून दिली. एका बाजूला 'आज शाकाहारी', दुसऱ्या बाजूला 'आज मटण हाय'. दाराला दोन खिळे ठोकून लटकवली. वार बघायचा, पाटी फिरवायची.

काका धावत आले. "ही पाटी कोणत्या नियमात बसते?"

"एसटीत रोज फिरवतो काका. आजपर्यंत एक तक्रार न्हाई."

"बुधवारपर्यंत फॉर्म न्हाई आला तर मालकाला कळवीन मी," काका म्हणले. तवाच चार फोन करून ठेवले होते त्यांनी, हे मला मागून कळलं.

मालक म्हणजे रामलिंग अप्पा. नांदेडला राहतात. लसूणसुद्धा न खाणारा माणूस. त्यांनी मला निरोप धाडला, बुधवारी तुझी गाडी नांदेडला लागली की मी स्टँडवर येतो, सचिवाचा फॉर्म घेऊन ये, मग करारावर सही करू.

आता बुधवारचं ऐका. आदल्या दिवशी आमच्या गाडीच्या 'लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड' पाटीचा कोपरा वाकला होता. घराजवळच्या वेल्डरकडून सरळ करून आणली, दाराशी ठेवली. पहाटे उठले तर लाईट गेलेली. दाराची पाटी रात्री आत काढून ठेवलेली, अन् दोन्ही पाट्या एकाच मापाच्या. अंधारात चाचपडत एक दाराला लटकवली, एक पेपरात गुंडाळून काखेत मारली अन् पळाले. व्यंकट ड्रायव्हरनं तंबाखू मळत मळत ती गाडीच्या पुढं बसवली. वाचायचं काम कंडक्टरचं, असं त्याचं म्हणणं हाय.

अहमदपूरला उजाडलं. स्टँडवर लोक गाडीत चढंनात. नुसते पुढं उभं राहून हसायले. एक म्हातारबा दारात आला. "बाई, हाफ तिकिटाला नुसता रस्सा का फोडबी हाय?"

मी खाली उतरून बघितलं. काचेवर, लाल रंगात, 'आज मटण हाय'.

नांदेडला कापड विकायला जाणारी अफसाना आपा रोजची पॅसेंजर. खिडकीतून डोकं काढून म्हणली, "वर्षा, मेरेकू पयले बताना था ना! मैं घर से डब्बा कायकू लाई?"

पाटीशिवाय गाडी सोडली तर स्टँडवरचा कंट्रोलर रिपोर्ट मारणार. मग दुसरी बाजू पुढं केली. 'आज शाकाहारी'. लोह्याला पोचलो तर फोनवरून बातमी आमच्या आधीच पोचलेली. स्टँडवरचा चहावाला ओरडला, "अरे, अहमदपूरवाल्यांनी संपवलं बगा सगळं!"

तेवढ्यात सासूचा फोन. "वर्षे, दारात दोघं बॅगा घेऊन बसलेत. नांदेड गाडी कधी लागती म्हणून इचारायलेत. भुजंगराव हाकलायला आला तर त्यालाच म्हणले, कंट्रोलर साहेब, रोजच उशीर करता का? मी चहा केलाय त्यांला."

"अन् काका?"

"त्यालाबी केला. रडायला आलता."

मी फोन ठेवला. पाटीकडं बघितलं. 'आज शाकाहारी'. बुधवार होता. फ्रिजमध्ये पाव किलो खिमा होता. पुढं तासाभरात अप्पा समोर येणार, आणि मी खोटी पाटी लावून त्यांच्यापुढं चाललेले.

"व्यंकट भाऊ, पाटी उलटवा," म्हणलं.

"मटणाची बाजू?"

"वार कोणता हाय?"

"बुधवार."

"मग जे खरं ते लावा."

व्यंकटनं पाटी फिरवली. गाडीतल्या दोघा-चौघांनी टाळ्याबी वाजवल्या. नांदेडला गाडी फलाटाला लागली तर अप्पा समोरच उभे. पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कराराचे कागद. त्यांनी पाटी वाचली. परत वाचली. मग मी उतरेपर्यंत वर आभाळाकडं बघत बसले.

"हे तुझं?"

"हाव अप्पा."

"फॉर्म?"

मी पिशवीतून कोरा फॉर्म काढून दिला. त्यांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढं धरला. हळूच म्हणले, "पोरी, हिरव्या चौकोनात खूण कर. माझ्यासमोर कर, मी मोकळा, तू मोकळी. मागून घरात काय शिजतंय ते मला सांगायची काय गरज? त्या सचिवानं चार फोन केलेत. माझं डोकं उठलंय."

पेन हातात घेतला मी. खोटं कशाला बोलू, घेतला. सासूचे गुडघे आठवले, मुखेडच्या घराच्या पायऱ्या आठवल्या. पर हात काही चालंना.

"अप्पा, तुम्ही जन्मात तोंडाला लावलं न्हाई. एवढं पाळून तुम्हाला जी टिकली मिळती, ती मी बुधवारी खिमा खाऊन लावू? लाल म्हणाल तर तीबी माझी न्हाई. तीन वार अन् श्रावण मी काय झोपेत पाळते? घर काढून घ्यायचं तर घ्या. सही हुणार न्हाई."

मागून कुणीतरी ओरडलं, बाई, गाडी परत कधी सुटणार. मी म्हणलं, थांब की जरा.

"तुझ्या आधी दोन भाडेकरू होते माझ्याकडं," अप्पा म्हणले. "दोघंबी शुद्ध. एकानं तर देवावर हात ठेवून सांगितलं होतं. मग मोरीचा पाइप तुंबला. प्लंबरनं फोडला तर आतून बादलीभर हाडं निघाली. कचऱ्यात टाकली तर बिल्डिंगला दिसतील म्हणून मोरीत घालायचे. प्लंबर मला इचारतो, अप्पा, आत काय पुरलं होतं? शुद्ध लोकांनी तीनदा फोडायला लावला माझा पाइप." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "तू हाडं कुठं टाकतीस?"

"घंटागाडीत. ओल्या कचऱ्याच्या डब्यात. झाकण न लावता."

"भुजंगराव बघत असतात का तवा?"

"रोज. गॅलरीत उभं राहून."

अप्पांनी पिशवीतून करार काढला, गाडीच्या पत्र्यावर ठेवला आणि दोन्ही प्रतींवर सही केली. मला म्हणले, तू कर. मी केली.

"आता ठराव?" मी इचारलं.

"ठराव झाला तवा मला कुणी बोलावलं न्हाई. रविवारी मीटिंग लाव म्हणावं त्या सचिवाला. मी येतो लातूरला. पाइपाचे तुकडे ठेवलेत मी गोणीत, तेबी आणतो. बघू कोण कोण हिरवं ऱ्हातंय."

मी कोरा फॉर्म परत घेतला. दोन्ही चौकोनांवर काट मारली. खाली जागा होती तिथं लिहिलं, 'इचारायचं असंल तर वार बघून यावं.' सही केली, हुद्दा लिहिला, डेपोचं नाव लिहिलं. अप्पांनी पेन मागून घेतला आणि माझ्या सहीशेजारी साक्षीदार म्हणून आपलं नाव घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.