पावियाच्या वळणावरचे चाक

मी एक चाक बोलतोय. पण माझ्यावर कोणी बसत नाही, की माझ्यावरून काही वाहून नेत नाही. ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान विमानतळावर, पिवळ्या गाडीच्या मागे मला जोडले आहे. गाडीपेक्षा मला मुद्दाम सावकाश फिरवतात, म्हणजे मी घासत जातो. जमीन मला किती धरून ठेवते, तो आकडा गाडीतल्या काट्यावर उमटतो. चाळीसच्या वर असला तर विमानाने खुशाल चालावे. पंचविसाच्या खाली जपून. पंधराच्या खाली माणसाने नुसते उभेही राहू नये.

कारखान्यातून आलो तेव्हा वाटले होते, बर्फ म्हणजे बर्फ. इथे कळले, तो रोज निराळा असतो. कडक थंडीतला कोरडा बर्फ खरखरीत, चांगला धरतो. उबदार वारा सुटून पाऊस पडला, की त्याच बर्फावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि पायाखालून मासा निसटावा तसा तो निसटतो. उद्या कसा असेल, याची मला अजून उत्सुकता वाटते.

माझा पहिला चालक पाविया. "काय म्हणतोय आज?" असे मला विचारायचा आणि मगच काट्याकडे बघायचा. तरुणपणी त्याने बर्फ लोटायची गाडी समुद्राकडच्या वळणावर घसरवून थेट ढिगाऱ्यात घातली होती. तेव्हापासून त्या जागेला सगळे पावियाचे वळण म्हणू लागले. नकाशात ते नाव नाही, पण वैमानिकसुद्धा तेच म्हणत.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो जाळी बघायला समुद्रावरच्या कोवळ्या बर्फावर गेला आणि बर्फ फुटला. तिथे मी नव्हतो. तो बर्फ किती धरतो, हे मला कोणी विचारले नाही.

त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ इविक बसू लागला. शाळा अर्ध्यात सोडलेला, डोक्याने गरम. माझी हाडे खिळखिळी होईपर्यंत गाडी हाकायचा, आणि मध्येच थांबवून नुसता बसून राहायचा. त्यांच्या आईने, रेगिनेने, घरोघर सांगून ठेवले होते की गेलेल्या पोराचे नाव एखाद्या बाळाला मिळेपर्यंत कोणी उच्चारू नये. नाव वाटेत असते, त्याला हाक मारून मागे वळवू नये. सगळ्या गावाने ते पाळले.

पावियाची बायको आरनाक आठ महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणासाठी तिला विमानाने मोठ्या गावच्या इस्पितळात जायचे होते. नेमका त्याच सकाळी बर्फावर पाऊस पडला.

इविकने मला सगळीकडे फिरवले. धावपट्टीवर तीस, सरळ वाटेवर अठ्ठावीस. समुद्राकडच्या वळणावर मात्र मला काही पकडायलाच मिळेना. चौदा. वळणाच्या पलीकडे उतार, आणि उताराखाली पाणी.

मनोऱ्यात बेबियाने नावाची बाई बसते. विमानांना सूचना देणारी तीच. इविकने तिला आकडे सांगितले आणि म्हणाला, "मावशी, वळणावर चौदा."

कोणत्या, हे तिने विचारले नाही. तिला कळले होते, आणि नाव तिलाही घ्यायचे नव्हते. तिने विमानाच्या कप्तान येस्परला तेच सांगितले, वळणावर चौदा. त्याला वाटले, तेलाच्या टाक्यांजवळचे पहिले वळण.

इविक वाळू भरायला निघाला होता. विमान टाक्यांजवळ गोगलगायीसारखे वळताना त्याला दिसले. वळण संपले आणि कप्तानाने निर्धास्त होऊन वेग थोडा वाढवला. खिडकीत आरनाकची लाल टोपी होती.

इविकने बोलायचे यंत्र खेचले. "पावियाच्या वळणावर चौदा. पावियाच्या. ऐकताय ना, पावियाच्या वळणावर. तिथं जायच्या आधी थांबा."

कप्तानाने वळणात थांबायला पाहिले असते, तर विमान आडवेच गेले असते. पण सरळ वाटेवर अजून पकड होती. पुढचे चाक थोडे सरकले, आणि वळणाच्या दोन हात अलीकडे विमान उभे राहिले.

"कळलं," कप्तान म्हणाला. "पावियाचं वळण. थांबलोय."

कित्येक महिन्यांनी ते नाव परक्या तोंडून आले. इविक स्टिअरिंगवर डोके टेकून रडला, आणि मग उतरून वाळू टाकायला गेला. त्याने मला पुन्हा फिरवले. तेहतीस. विमान माणसाच्या चालीने वळले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी रेगिने गाड्यांच्या खोलीत आली. इविक मान खाली घालून उभा.

"नाव किती वेळा घेतलंस?"

"तीनदा, आई."

तिने त्याची हनुवटी वर उचलली. "येडं माझं. मग बाळाला तीनदा हाक मारू, म्हणजे मागं वळलेलं नाव परत येईल. एवढं चालायचा कंटाळाच येईल त्याला, पहिल्यापासून आळशी."

मुलगी झाली. नाव पाविया. नावाला मुलगा-मुलगी कळत नाही. रेगिने तिला "माझ्या लेका" म्हणते. इविक तिला कडेवर घेऊन येतो आणि "दादा" म्हणतो, कोणी हसत नाही.

माझे रबर आता झिजले आहे. नवे पुढच्या विमानाने येईल. मला कोपऱ्यात ठेवा, चालेल. फक्त माझा आकडा सांगाल तेव्हा जागाही सांगा, जीभ कितीही जड होवो.