आतली कडी

उत्तमरावांच्या हातात टेप दिसली, की जयमालाच्या कपाळाला आठी पडायची. तसा तिचा सासरा रिकामा बसणाऱ्यांतला नव्हताच. फवारणीचा पंप गळायला लागला की आळीतले लोक तो आणून यांच्या ओट्यावर टाकत. म्हातारा सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून पंप धड करून देई, वर चहाही पाजी. कुणाच्या खाटेचा पाय, कुणाच्या बैलगाडीची खिट्टी, सगळं तिथंच. या उद्योगाचं जयमालाला कौतुकच होतं. पण पंप दुरुस्त करायला टेप लागत नाही. टेप लागते ती घर मोजायला. आणि जानेफळकडच्या गावांत घरातला म्हातारा कानाला पेन्सिल लावून भिंतीभिंतीने हिंडायला लागला, तर त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. वाटणी.

घरात तिघंच होती. उत्तमराव, त्यांचा थोरला मुलगा गोविंदा आणि गोविंदाची बायको जयमाला. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटा निवृत्ती पुण्याला कंपनीत होता. तो सणाला यायचा, पुरणपोळी खायचा आणि जाताना डाळीचं पोतं न्यायचा. घरात त्याचा अर्धा हिस्सा आहे हे जयमाला नाकारत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच, की याच साली काय नडलं होतं?

कारण साल वाईट होतं. बीटीला अळी लागत नाही या भरवशावर सगळ्या गावाने कापूस पेरला होता आणि त्याच कापसात गुलाबी अळी शिरली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडावं तर आत कापसाची नुसती किडून वाळलेली कवडी. गोविंदाने हिवाळ्यातच उभ्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकल्या आणि त्या दिवसापासून तो बोलायचा बंद झाला. शेतातून आला की ओट्यावरच्या खाटेवर पडून राही. अशा माणसाला एकटं सोडू नये, हे एव्हाना त्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक झालेलं. शेजारचे हिंमतराव रोज संध्याकाळी तंबाखू मळायच्या निमित्ताने येऊन बसत. येणारा-जाणारा जयमालाला हळूच बजावून जाई, "वैनी, लक्ष ठेवजा." ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होती. तो शेतात गेला की डबा घेऊन वेळेआधीच पोचायची, रात्री तो कुशीवर वळला तरी जागी व्हायची. तुझं कसं चाललंय, असं मात्र कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

तिची एक जागा होती. मागची कोठी. भाव येईल या आशेने वेचलेला कापूस तिथे आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. दुपारी कामं उरकली की ती आत जायची, कडी लावायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले तर कापसाचं कारण तयारच असे. घरात कापूस भरलेल्या प्रत्येक बाईचे डोळे त्या दिवसांत चुरचुरतच होते.

एक दिवस ती नदीवरून धुणं घेऊन आली आणि पाहते तर कोठीची आतली कडी गायब. नुसती काढली नव्हती. लाकडाचा भुसा सरसात कालवून स्क्रूची भोकं बुजवली होती आणि वरून कानस मारली होती, जणू तिथे कधी कडी नव्हतीच.

"मामाजी, कोठीची कडी कुठी गेली?"

"गंजली होती," उत्तमराव पेचकस पुसत म्हणाले.

"कालपर्यंत तं चांगली लागत होती."

"तुले कसं मालूम?" असं म्हणून त्यांनी तिच्याकडे असं रोखून पाहिलं, की ती धुण्याची बादली उचलून मुकाट्याने आत गेली. पण मनात किडा वळवळायला लागला. भंगारातला खिळाही जपून ठेवणारा माणूस धडधाकट कडी काढतो आणि खोटं बोलतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं.

पुढच्या दिवसांत म्हातारा पिसाटल्यासारखा कामाला लागला. निजायच्या खोलीची कडी गेली. न्हाणीची गेली आणि तिथे लाकडाचं एक फिरकीचं बटण आलं, ते बाहेरून जरा दाबलं की उघडत होतं. बाईमाणसाने अंघोळ कशी करायची, याचा विचार या माणसाने केला होता का? जयमाला खोकत खोकत अंघोळ करू लागली. मग उत्तमराव मेहकरच्या बसने जाऊन नव्या बिजागऱ्या घेऊन आले. खोल्यांची दारं खाली उतरवली, चौकटीला पटाशीने नव्या खाचा पाडल्या आणि आत उघडणारी दारं बाहेर उघडणारी करून टाकली. जयमाला दोनदा त्या दारांवर आपटली.

तिने रात्री गोविंदाला सांगितलं, "तुमचे बाबा घर वाटून राह्यले."

"वाटू दे," गोविंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. तिला त्याचाही राग आला.

उरलासुरला संशय फोनने फेडला. गोठ्याच्या मागे उभे राहून उत्तमराव निवृत्तीशी बोलत होते आणि जयमाला शेणाची पाटी घेऊन अलीकडे थबकली. "दिवाळीची वाट नको पाहू. बायकोले बी घेऊन ये, राहाच्या तयारीनं. हाव. पन तिले काही समजू देऊ नको." ती म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. म्हणजे दीर-जाऊ बिऱ्हाड घेऊन येणार, कोठी त्यांच्या वाट्याला जाणार, आणि ही सगळी खलबतं तिच्या पाठीमागे. नवऱ्याचा जीव सांभाळायचा तिने, आणि घर मोजायचं यांनी! त्या रात्री ती संतापाने कढत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोविंदा शेतात होता. उत्तमराव ओट्यावर कोठीचं दार आडवं टाकून त्याची कड रंधत होते. जयमाला पदर खोचून समोर उभी राहिली.

"मामाजी, वाटनी करायची असंन तं तोंडानं सांगा. चोरावानी दारं काऊन काढून राह्यले?"

रंधा थांबला. "कोनाची वाटनी?"

"घराची. मंग टेप कशाले लागते?"

"दाराची मापं घ्याले." ते खरोखरच गोंधळले होते. "वाटनी काऊन करू मी? त्या निवृत्तीले पुन्यात घर घ्याचं हाय."

"मंग त्याले बायको घेऊन काऊन बलावलं?"

"घरात मानसं पाह्यजेत म्हनून," उत्तमराव हळूच म्हणाले.

काढलेल्या कड्या, बाहेर उघडणारी दारं, घरात माणसं. सगळं एकदम तिच्या डोक्यात जुळलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. हा माणूस आपल्या पोराला वाचवायची खटपट करत होता आणि ती त्याला हिश्शाचे हिशेब चिकटवत बसली होती. तिचा आवाज खाली आला.

"यायच्यासाठी केलं ना हे? मले सांगायचं होतं, मामाजी. मीच कड्या काढू लागली असती. माही नजर हायेच त्यायच्यावर."

उत्तमरावांनी रंध्याच्या तोंडात अडकलेला ढलपा काढला.

"गोविंदासाठी नाई केलं," ते म्हणाले.

"मंग?"

"गोविंदा शेतात जाते, ओट्यावर बसते. त्याच्यावर सारं गाव नजर ठेवून हाय. हिंमत्या तं बसूनच राह्यते." त्यांनी मान वर केली. "कोठीत कडी लावून कोन बसते वं माय?"

जयमाला ओट्याच्या कडेला टेकली.

"पंचफुलेच्या टायमाले असंच झालं," उत्तमराव सांगू लागले. पंचफुला त्यांच्याच आळीतली, गेल्या साली गेलेली. "सारे तिच्या नवऱ्याले धरून होते. मी बी रोज जाऊन बसो त्याच्यापाशी. थो आजही शेतात जाते. पंचफुलाबाई चहा देत होती आमाले, हासून देत होती. एक दिवस दुपारी तिनं कडी लावली. दार तोडाले मलेच बलावलं, औजारं माह्यापाशी म्हनून. तोडलं मी. पन लई उशीर झाला होता."

"मी तशी नाई, मामाजी," जयमाला घाईघाईने म्हणाली. "मी फक्त रडाले जाते तिथी."

हे खरं होतं. पण बोलता बोलता तिला त्या दुपारी आठवल्या. रडून झाल्यावरही ती कापसाला टेकून तशीच बसून राहायची आणि उठून कडी काढायला हात वर होत नसे. तेव्हा मनात काय असे, ते तिने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. ती घाबरली. आणि घाबरली तशी चिडली.

"सारं घर उघडं करून ठेवलं तुमी," ती ओरडली. "मले एक रडायची जागा होती, थे बी काढून घेतली. आता कुठी जाऊ मी?"

उत्तमरावांनी सगळ्या मापांचा विचार केला होता, याचा केला नव्हता. एवढी औजारं जवळ असून त्यांतलं एकही इथे कामाचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी रंधा बाजूला ठेवला आणि दारावरचा भुसा हाताने झटकून तिच्या शेजारी जागा केली.

"मंग अथीच रड," ते म्हणाले. "मी कुठी जात नाई."

आणि ती रडली. भर दुपारी, रस्त्यावरच्या ओट्यावर, तोंडात पदर न कोंबता. समोरच्या वच्छलाबाई सूप हातात घेऊन दारात आल्या. जयमालाने तोंड लपवायला पदर ओढला तेव्हा उत्तमराव म्हणाले, "पाहू दे. साऱ्याइले पाहू दे." वच्छलाबाईंनी सूप खाली ठेवलं, पण त्या आत गेल्या नाहीत.

वेळेवर डबा आला नाही म्हणून गोविंदा शेतातून परत आला, तेव्हा तिचं रडणं ओसरत आलं होतं. ओट्यावर आडवं पडलेलं दार, त्याच्या कडेला ही आणि शेजारी बाप. तो चपला न काढता उभा राहिला.

"काय झालं हिले?" त्याने बापाला विचारलं.

"मले काय विचारतं? तिले विचार."

गोविंदा घुटमळला. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

"जयमाला," तो म्हणाला, "तुले काय होऊन राह्यलं वं?"