उसवायला काहीतरी दे

मापांच्या वह्यांचा ढीग छताला टेकला आणि हवं ते माप मिळेनासं झालं, तेव्हा शिलाईच्या दुकानातल्या मास्तरांनी साठाव्या वर्षी कोडिंग शिकायचं मनावर घेतलं. सॉफ्टवेअर कंपनीतल्या पुतणीने नवशिक्यांसाठी म्हणून सव्वीस लिंका धाडल्या. मास्तरांनी त्या इमानेइतबारे उघडल्या. प्रत्येकीतल्या व्हिडिओत एक गुळगुळीत पोरगा नमस्कार करून अर्धा तास हसत सांगायचा की हे फार सोपं आहे, आणि मग पुढच्या कोर्सकडे बोट दाखवायचा. महिनाभरात मास्तरांच्या पदरात सव्वीस नमस्कार पडले, अक्कल कवडीची नाही.

"माझं लग्न जमवतेस का?" ते पुतणीवर उखडले. "नुसती स्थळंच बघतोय."

"मग हवंय तरी काय, काका?"

"माझ्याकडे शिकायला येईल त्याला मी आधी जुना शर्ट उसवायला देतो. कुठला टाका कशाला घातलाय ते उसवतानाच कळतं. तुझा एखादा चालता प्रोग्रॅम दे."

तिने नाक मुरडत दिला. मास्तर एकेक ओळ काढायचे, चालवून बघायचे, बिघडलं की ओळ परत जागेवर ठेवायचे. पंधरा दिवसांनी ते तिच्या दारात हजर झाले.

"चाळीस ओळी उसवल्या. त्यातल्या अकरा काढून टाकल्या तरी काही बिघडत नाही. हे टाके कशाला घातलेस?"

पुतणीने त्या अकरा ओळी वरून खाली वाचून काढल्या.

"कुणास ठाऊक. मीही शिकताना एका ठिकाणाहून उतरवून घेतले होते."

"तेवढी लिंक मला पाठवू नकोस," मास्तर म्हणाले.